मेंढरांची दिवाळी

दिवा विझला की बाबा जाणार, असं मला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. पण मी जिन्यावर बसून मोठ्यांचं बोलणं ऐकणारी मुलगी. आई फोनवर नागपूरच्या मावशीला सांगत होती, "नवस बोललेय मी. नवरात्रात अखंड दिवा ठेवीन, काजळीसुद्धा धरू देणार नाही. यांना तेवढं सुखरूप ठेव म्हटलंय, बाकी काही मागत नाही." एवढंच ती बोलली, पुढचं गणित मी केलं. दिवा आहे तोवर बाबा आहेत. मग दिवा गेला तर? बारा वर्षांच्या पोरीला याचं उत्तर काढायला कितीसा वेळ लागणार. मी मुळातच भित्री. अंधाराला भ्यायचे, कुत्र्यांना भ्यायचे, हॅरोच्या शाळेत हजेरी घेताना माझं नाव जवळ आलं की त्यालाही भ्यायचे. आजही लिफ्टचं दार मिटताना मी शेजारच्याचा हात धरते आणि माझी लेक "आई, स्टॉप इट ना" म्हणून डोळे फिरवते. तर अशा मुलीला त्या वर्षी दिव्याच्या राखणीला बसवलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आम्ही लंडनच्या कडेला, हॅरोला राहायचो. बाबा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेले. सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेननं मध्य लंडनला जायचे आणि अंधारात परतायचे. एका वीकेंडला आम्ही लीड्सला बाबांच्या मावसभावाकडे गेलो असताना जेवता जेवता त्यांच्या छातीत कळ आली. ऑपरेशन तिथल्याच हॉस्पिटलात झालं. बरं वाटायला लागल्यावर काकांनी त्यांना हवापालट म्हणून यॉर्कशरच्या डोंगरांतल्या एका खोऱ्यात नेलं, आणि बाबा परत आले ते वेड लागल्यासारखेच. तिथलं एक गेस्ट हाउस चालवायला मिळत होतं. "मला आता ट्रेन नको, डेडलाइन नको. आपण लोकांना ब्रेकफास्ट घालू," असं म्हणाले. आई म्हणाली, "तुम्हाला कधी स्वतःच्या हातानं चहा करून घेता आलाय का?" पण ती त्यांना नाही म्हणू शकली नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेली असताना तिनं मनातल्या मनात बरंच काही कबूल केलं असावं.

खोरं म्हणजे दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, मधून नदी, डोंगरावर पार वरपर्यंत चढत गेलेल्या दगडी भिंती आणि जिकडे तिकडे मेंढ्या. मोबाइलला रेंज नाही. उन्हाळ्यात पर्यटकांनी गजबजलेलं, हिवाळ्यात इतकं शांत की रात्री फ्रिजचा आवाज बंद पडला तरी मला जाग यायची. तिथल्या लोकांना या शांततेची माझ्याइतकीच भीती वाटत असावी, कारण वर्षभर त्यांचं काही ना काही चालूच असायचं. डिसेंबरात गावातल्या हिरवळीवर बँड उभा राहून गाणी वाजवायचा आणि वाजवणाऱ्यांच्या तोंडातून वाफा निघायच्या. ईस्टरला पोरं रंगवलेली अंडी टेकडीवरून घरंगळत सोडायची. मे महिन्यात खांबाला फिती बांधून नाच. ऑगस्टात मोठी जत्रा, तिच्यात भोपळ्यांना आणि मेंढ्यांना बक्षिसं आणि डोंगरावर धावत जाऊन धावत यायची शर्यत. प्रत्येक वेळी आमचं घर भरलेलं असायचं आणि बाबा एप्रन बांधून पाहुण्यांना अंडी कशी हवीत ते विचारत फिरायचे. त्यांचा चेहरा हॅरोला कधी दिसला नव्हता इतका उजळलेला असायचा. मला मात्र ते ट्रे घेऊन जिना चढायला लागले की त्यांचा श्वास मोजत बसायची खोड लागली होती.

जुलैमध्ये बुजगावण्यांचा आठवडा असायचा. प्रत्येक घरानं दारात एक बुजगावणं करून बसवायचं, पाहुणे हिंडून बघायचे आणि शेवटी बक्षीस. बाबांना हे फारच आवडलं. त्यांनी आपला ऑफिसचा सूट काढला, त्यात पेंढा भरला, टाय बांधला, मांडीवर लॅपटॉपची बॅग ठेवली आणि तो माणूस आमच्या दारात खुर्चीवर बसवला. डोकं म्हणजे भरलेली उशीची खोळ, तिला नाक-डोळे काही नाहीत. मी शाळेतून आले आणि गेटमध्येच थिजले. बाबांचाच सूट, बसायची ढब बाबांचीच, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं. मला रडूही आलं नाही. आई पाठोपाठ बाहेर आली, तिनं बघितलं आणि तिचा पारा चढला. "अहो, जित्या माणसाचे कपडे घालतात का असल्या बाहुल्याला? काढा आधी ते." बाबा हसत म्हणाले, "अगं, तो जुना मी आहे. मेला तो. बरंच झालं." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं हसू विरलं. त्या बुजगावण्याला दुसरं बक्षीस मिळालं, फोटो काढायला रीघ लागली, आणि आठवडाभर मी मागच्या दारानं ये-जा केली.

त्या आठवड्यानंतरच आईनं नवस बोलला, असा माझा कयास आहे. ती तसं कधी म्हणाली नाही.

घटस्थापनेसाठी माती हवी होती. ती आणून दिली वॉल्टरनं. वॉल्टर म्हणजे आमच्या मागच्या शेताचा मालक, साठीचा, उंच, थोडा वाकलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तो, त्याचा कुत्रा आणि मेंढ्या. दारात आला की "नाउ दॅन" एवढंच म्हणायचा. त्यात नमस्कार, कसं काय आणि येऊ का आत हे सगळं आलं. आई त्याला त्याच्या माघारी वॉल्टरभाऊ म्हणायची आणि समोर त्याच्या बशीत दुप्पट वाढायची. "चांगली माती हवी, पूजेसाठी," असं तिनं त्याला इंग्रजीत समजावलं, तर त्यानं मेंढ्यांचं खत कालवलेली बादलीभर माती आणून ठेवली. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "असू दे, देवीला चालतं." त्या मातीत गहू असा काही तरारून आला की वॉल्टर रोज सकाळी तो बघायला वर यायचा, बूट दारात काढून, टोपी हातात घेऊन. एकदा त्यानं बोटाच्या पेरानं अंकुराची उंची मोजली आणि मान हलवली. शेतकऱ्याचं शेतकऱ्याला पटलं, एवढाच त्याचा अर्थ.

घट कुठे बसवायचा यावर मात्र मोठा खल झाला होता. गेस्ट हाउस असल्यानं खोलीखोलीत स्मोक अलार्म. खाली समई लावली की किंचाळायचा, जेवणाच्या खोलीत लावली की किंचाळायचा. शेवटी वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथल्या बोळात, जाड दगडी भिंतीतली एक रुंद खिडकी होती. तिच्या कोनाड्यात ठेवलेल्या दिव्याबद्दल अलार्मची काही तक्रार नव्हती. खिडकी पूर्वेकडे, डोंगराकडे. आई म्हणाली, देवीनंच जागा दाखवली. तिथे घट बसला, वर माळ आली, शेजारी नंदादीप लागला, काच लावून, तुपाचा. आईचे उपास. ती साबुदाणा आणि भगरीवर होती. तेवढे दिवस पाहुण्यांचं बेकन बाबा तळायचे आणि खालच्या त्या वासात वरचा धूप मिसळून घरात जो दरवळ व्हायचा, तो मला आजही कधीकधी स्वप्नात येतो. वात सारखी करताना आई आधी दुसरं निरांजन त्या ज्योतीवर लावून घ्यायची, म्हणजे चुकून विझलं तरी ज्योत मोडायची नाही. ती खाली कामात असली की मी वर बसायचे. शाळेचा गृहपाठ तिथेच. दार वाजलं, वारा आला की मी दोन्ही हात काचेभोवती धरायचे. तळवे भाजायचे, पण मी ते हलवायचे नाही.

आणि त्या वर्षी सातव्या माळेलाच मेंढ्या खाली आणायचा दिवस आला.

उन्हाळाभर मेंढ्या वर उघड्या डोंगरावर चरतात. ऑक्टोबर उजाडला की एक दिवस सगळं खोरं मिळून त्यांना खाली आणतं. सकाळी लवकर माणसं, कुत्री, हौशी पाहुणे असे सगळे वर जातात, डोंगरभर पसरतात आणि शिट्ट्या वाजवत, हाकारत त्या हजारोंच्या कळपाला भिंतींमधल्या गल्ल्यांतून गावात उतरवतात. तो आवाज आधी खूप लांबून येतो, नदीला पूर आल्यासारखा, आणि मग एकदम दारासमोरून पांढरं काहीतरी वाहायला लागतं. संध्याकाळी गावातल्या हॉटेलात आल्याचा केक आणि मटणाचा रस्सा. पण त्याआधी एक रीत असते, ती आम्हाला पोस्ट ऑफिसच्या दुकानातल्या जीननं सांगितली. ज्या घरातलं माणूस वर गेलंय, त्या घरानं दिवस मावळायच्या सुमाराला माडीच्या खिडकीत दिवा ठेवायचा. माणूस परतलं की त्यानं बूटसुद्धा न काढता आधी वर जायचं आणि आपला दिवा आपण फुंकून विझवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकेक करत सगळं खोरं काळं झालं की समजायचं, सगळे उतरले. मग हॉटेलातली घंटा वाजते आणि पानं वाढतात. "आणि एखादा दिवा राहिला तर?" बाबांनी विचारलं होतं. "तर त्या घराचं माणूस अजून वर आहे. मग आपण जातो," जीन म्हणाली. "वॉल्टर तेवढा लावत नाही. बायको होती तेव्हा ती लावायची. आता तो म्हणतो, वर जाणारा मीच, मग खाली लावणार कोण."

आईला त्यातलं एकच खटकलं. "तोंडानं फुंकतात? दिवा?" ती मला मराठीत म्हणाली. "मेंढरांची दिवाळी म्हणायची, आणि दिवा असा फुंकून टाकायचा. काय एकेक रीती." पण आमच्या खिडकीतही एक दिवा आहे, आणि ती खिडकी डोंगराकडे आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमचा दिवा देवीचा. त्यांचे दिवे माणसांचे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो असं वाटलंच नाही.

बाबा सकाळी पाहुण्यांबरोबर वर गेले, भगव्या रंगाची लोकरी टोपी घालून, येईल त्याला हात करत. आईनं बजावलं होतं, पहिल्या भिंतीच्या पलीकडे जायचं नाही. जीननं दुकानाच्या दारातून ओरडून तेच बजावलं. अख्ख्या गावाला त्यांच्या हृदयाची माहिती होती. दुपारी त्यांना दम लागला तसे ते गर्दी टाळून नदीकाठच्या वाटेनं एकटेच घरी आले, आणि ते आलेले गावात कुणी पाहिलं नाही. आले ते स्वयंपाकघरात बसले, पायमोजे वाळत टाकून, आईच्या आमटीसाठी शेंगदाणे सोलत.

दिवस कलताना डोंगरावरून ढग खाली घसरला. मी वर खिडकीशी होते. समोरच्या उतारावरच्या घरांत दिवे लागले होते, आणि मला ते फार आवडले. पहिल्यांदाच त्या खोऱ्यात कुठेतरी आपल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मग ते एकेक करून जायला लागले. एक गेला, की मनात म्हणायचे, आला बरं का कुणाचा तरी बाबा. ढग वरच्या भिंतीपर्यंत उतरला, मग तिच्याही खाली. दिवे संपत आले. सगळे संपले, आणि काचेत मला माझा चेहरा आणि आमची ज्योत दिसायला लागली. घंटा काही वाजली नाही. बाहेर इतकं सामसूम झालं की मला उगाचच बुजगावणं आठवलं.

तेवढ्यात खाली दार वाजलं. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकले. जीन होती, कोट उघडाच, केस भिजलेले. तिनं आईचे दोन्ही हात धरले. "तू घाबरू नकोस, लव्ह. ते गेलेत त्याला शोधायला. वॉल्टर वरच्या गोठ्यापाशी होता, तिथूनच त्यानं तुमचा दिवा पाहिला आणि दोघांना घेऊन तसाच मागे फिरला. हृदयाचा पेशंट आहे, म्हणाला, थांबून चालायचं नाही."  आईला शब्द कळले होते, अर्थ लागत नव्हता. मला वरून लागला. बाबा खाली स्वयंपाकघरात आहेत हे विसरून मला वाटलं, गावाला कळलंय. बाबा गेलेत, आणि ते आम्हाला सांगायला आलेत. 

स्वयंपाकघराचं दार उघडून बाबा बाहेर आले, अनवाणी, शेंगदाण्याचा वाडगा हातात. "काय झालं?"

जीन जिन्याच्या खालच्या पायरीवर मटकन बसली. तिनं चेहरा हातांत धरला, मग वर करून म्हणाली, "मग तो दिवा कुणाचा?"

"याच्यासाठीच आहे," आई बाबांकडे बोट करून इंग्रजीत म्हणाली.

"पण तो तर घरात आहे, लव्ह."

यापुढचं आईला इंग्रजीत सांगता येईना. ते कुठल्या भाषेत सांगता आलं असतं कोण जाणे. जीन म्हणाली, विझव तो, त्यांना वरून दिसेल, ते परततील. आई म्हणाली, विझवायचा नाही. बाबा म्हणाले, मग जागा बदलू, आतल्या खोलीत नेऊ. आई म्हणाली, घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, दिवाही नाही. तिचा आवाज चढला नव्हता. बाबांनी मग वाद घातला नाही. वर येऊन त्यांनी पाहुण्यांच्या पलंगावरचं जाड ब्लँकेट काढलं आणि खिडकीवर ठोकलं. ब्लँकेटाच्या आड दिवा, दिव्याच्या आड मी. बाहेरून आमचं घर काळं झालं असणार.

थोड्या वेळानं वॉल्टरबरोबर गेलेले ते दोघं उतरून आले, चिखलानं माखलेले. "आला तो, दिवा गेला ना," म्हणत दारात आले आणि बाबांना पाहून हसले. मग त्यांनी मागे बघितलं. वॉल्टर त्यांच्याबरोबर नव्हता. तो ओढ्याच्या अंगानं वर कड्याकडे गेला होता, कारण बाबा फोटो काढायला नेहमी त्या कड्यावर उभे राहतात हे त्याला ठाऊक होतं. तिकडून खिडकी दिसत नाही, आणि वर ढग. जीननं आमच्या फोनवरून डोंगरात शोध घेणाऱ्या पथकाला कळवलं; ते पलीकडच्या खोऱ्यातून येणार होते, वेळ लागणार होता. ते दोघं तसेच बॅटऱ्या घेऊन परत निघाले.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. "माझ्यासाठी गेलाय तो," ते म्हणाले. "मी इथे शेंगदाणे सोलतोय, आणि तो कड्यावर मला हाका मारतोय." त्यांनी बूट चढवले. आई दारात आडवी झाली. "तुम्ही पायरी उतरायची नाही."

"गेटपर्यंत जातो. कंदील धरून उभा राहतो. तेवढं तरी करू दे ग."

 मग आई वर आली, नंदादीपाच्या ज्योतीवर कंदील लावला आणि खाली नेऊन त्यांच्या हातात दिला. "हा घ्या मग. आणि गेटच्या पुढे नाही." परत वर आली ती थेट खिडकीशी, आणि दोन्ही हातांनी ते ब्लँकेट ओढून काढलं. खिळे टणटण खाली पडले. "वर कुणीतरी आहे ना अजून? मग दिवा दिसायलाच हवा," ती मला म्हणाली, आणि जिन्याखाली उभ्या जीनला तिनं इंग्रजीत सांगितलं, "आता हा वॉल्टरसाठी आहे."

मग तीही गेटकडे गेली आणि मी वर एकटी राहिले. खाली बाबांचा कंदील दिसत होता, गेटपाशी, इवलासा. मी एक डोळा त्याच्यावर आणि एक ज्योतीवर ठेवला. आई गेटशी पोचायच्या आतच कंदील हलला. गेटच्या पुढे गेला. भिंतीच्या कडेनं वर, आणखी वर, आणि मग ढगाच्या कडेपाशी दिसेनासा झाला. मला आईला हाक मारायची होती, पण काचेवरचे हात काढले आणि तेवढ्यात ज्योत गेली तर? मी तशीच बसले. देवीला म्हटलं, मी हलत नाही, तूही हलू नकोस. तुपाचा वास, गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा वास येत होता.

मागच्या दाराचा आवाज झाला. खाली जीन रडत, हसत कुणाशी तरी बोलत होती. मग जिन्यावर बूट वाजले, जड, सावकाश. जिन्याच्या तोंडाशी वॉल्टर उभा होता. कपाळावर चिखल आणि रक्त, डावा हात छातीशी धरलेला, टोपी कुठेतरी पडलेली. "नाउ दॅन," तो मला म्हणाला. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो दिव्याकडे बघत होता. "जीन म्हणाली, माझ्यासाठी लावलाय," असं हळूच म्हणाला.  किती वर्षांनी त्याच्यासाठी कुणी दिवा लावला होता. मला कळलं तो काय करणार ते, पण माझे हात त्याला पाहताच काचेवरून सुटले होते. तो कोनाड्यापाशी वाकला, काच उजव्या हातानं उचलली, आणि खोऱ्यातला प्रत्येक माणूस करतो तसं केलं. एक फुंकर.

धुराची बारीक रेघ वर गेली आणि इतके दिवस गप्प असलेला अलार्म किंचाळायला लागला.

मी त्याच्या अंगाखालून निसटून जिना उतरले, जीनला धडकून बाहेर पडले. गेटशी आई उभी होती. ती घराकडे बघत होती, वर, काळ्या खिडकीकडे. तिनं पाहिलं होतं. "बाबा?" मी विचारलं.  तिनं गेटचा गज दोन्ही मुठींत धरला होता. मी डोंगराकडे बघितलं. कंदील कुठेही नव्हता. दोन्ही दिवे गेले होते, आणि समोर नुसता काळा ढग. आम्ही दोघी तिथे किती वेळ उभ्या होतो मला सांगता येणार नाही. मागे तो अलार्म ओरडतच होता. आईच्या हातावर मी हात ठेवला तर तो लोखंडाइतकाच गार होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भ्याले आहे, बाळंतपणात भ्याले, विमानात भ्याले, पण तेव्हाच्या त्या उभं राहण्यापुढे ते सगळं काहीच नाही.

मग भिंतीकडून धापा ऐकू आल्या. दगड घरंगळल्याचा आवाज. आणि ढगातून ती भगवी टोपी बाहेर आली.

"विझला ग," बाबा कंदील दाखवत म्हणाले. "वरच्या भिंतीपाशीच विझला, वाऱ्यानं. पायाखालचं दिसेना. तरी म्हटलं कड्यापर्यंत जाऊन हाक मारावी, दोन पावलं टाकलीसुद्धा. मागे वळून बघितलं तर इतका वेळ ढगातूनही अंधुक दिसणारी आपली खिडकी काळी. म्हटलं, चला, आला वॉल्टर. म्हणून फिरलो." ते गजाला टेकून दम खात होते. "आला ना तो?"

आई खाली बसली, ओल्या गवतात, तशीच. बाबा घाबरून तिच्याजवळ वाकले. ती त्यांच्या बुटांकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तुमचं आता तुम्ही सांभाळा. मी काही मागणार नाही." आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. हॉस्पिटलात ती रडली नव्हती.

घंटा वाजली. आम्ही हॉटेलात गेलो नाही. पथकातल्या माणसानं वॉल्टरचं मनगट बांधलं आणि तो आमच्याच टेबलावर बसून एका हातानं भगर आणि शेंगदाण्याची आमटी जेवला. आईनं वर जाऊन कोनाडा पुसला, वात बदलली, हात जोडले आणि काड्यापेटीतल्या काडीनं दिवा पुन्हा लावला. बाबांनी वॉल्टरला तो दिवा कशाचा होता ते सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण वॉल्टर हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर, हात गळ्यात अडकवलेला. "नाउ दॅन. तो बरा आहे ना?" त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. दसरा गेला, दिवाळी गेली, बर्फ पडलं, तरी तो रोज सकाळी यायचा, बाबा चालताना बोलताना दिसले की मान हलवून निघून जायचा. माझी भीती त्यानं वाटून घेतली, असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर माझी थोडी कमीही झाली.

बाबा आज लंडनमध्ये, स्टॅनमोरला माझ्याकडे असतात. ऐंशीला टेकलेत, पार्कात फिरायला जातात आणि माझ्या लेकीशी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीवरून वाद घालतात. नवरात्रात आई दिवा लावते, पण अखंड नाही. रात्री झोपताना हातानं वात तुपात बुडवून तो मालवते. फुंकत मात्र नाही.

खोऱ्यात आम्ही नंतर बरीच वर्षं राहिलो. दर वर्षी मेंढ्या खाली यायच्या दिवशी आई त्या खिडकीत एक दिवा ठेवायची, साधा, मेणबत्तीचा. देवीचा आता आतल्या खोलीत असायचा. वॉल्टर चिखलाच्या बुटांनी जिना चढायचा, दिवा फुंकायचा आणि खाली येऊन जेवायचा. आई त्याच्या पावलांचे डाग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसायची नाही. मग एका हिवाळ्यात तो लीड्सच्या हॉस्पिटलात झोपेतच वारला. त्यानंतरच्या शरदात मी सुट्टीवर घरी होते. मेंढ्या उतरल्या. संध्याकाळी आई मेणबत्ती घेऊन वर गेली, तेव्हा मी म्हटलं, "आई, अगं कुणासाठी?" ती म्हणाली, "असू दे." बाबा आणि मी तिच्यामागे उभे राहिलो. समोरचे दिवे एकेक करून गेले. शेवटी आमचा तेवढा राहिला, आणि मी खालच्या दाराकडे कान लावला, आता दार वाजणार, आता कुणीतरी डोंगरावर जाणार. दार वाजलं नाही. दिवा जळत असूनही खाली घंटा वाजली. तो दिवा कुणाचा, हे विचारायची कुणालाही गरज पडली नाही.